गिटारची पिन लॅपटॉपात घालण्याआधी

मालवणजवळच्या एका गावातून नुकत्याच बारावी झालेल्या मुलाचा प्रश्न आला आहे. त्याच्याकडे पिकअप (तारांच्या आवाजाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) बसवलेली अकौस्टिक गिटार आहे, ऑनलाइन मागवलेला साधा कंडेन्सर माइक आहे आणि विंडोजचा लॅपटॉप आहे. स्वतः चाल लावलेली दोन गाणी चतुर्थीच्या आधी रेकॉर्ड करायची आहेत. गिटारच्या जाड पिनेला बारीक पिनेचा कन्व्हर्टर लावून लॅपटॉपला जोडलं तर आवाज येतो, पण लांबून आल्यासारखा, पंख्याच्या घरघरीसकट. माइकचंही तेच. हेडफोन लावून गायला गेलं की स्वतःचा आवाज मागाहून ऐकू येतो. चार्जर लावला की एकसारखं ‘हूंऽऽ’ सुरू. शेवटी तो विचारतो, “दादा, नक्की काय घेऊ? लॅपटॉप बदलू का?”

लॅपटॉप बदलू नकोस. तुझ्या चारही तक्रारींत लॅपटॉपचा दोष जवळजवळ नाहीच. मी गेली वीसेक वर्षं कुडाळ-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात भजनं, डबलबाऱ्या, दशावताराची पदं आणि तुझ्यासारख्या मुलांची गाणी रेकॉर्ड करतो आहे. माझ्याकडे ‘रेकॉर्डिंग बिघडलं’ म्हणून जे जे आलं, त्यातलं बहुतेक बिघडलं होतं ते आवाज कॉम्प्युटरात शिरण्याच्या आधी. चुकीच्या भोकात पिन, अर्थिंग नसलेला बोर्ड, दमट झालेला माइक. एकदा आवाज तसा आत गेला की पुढे कुठलंही सॉफ्टवेअर त्याला पुरता धुऊन काढू शकत नाही. म्हणून तुझे पैसे आणि वेळ दोन्ही या पहिल्या टप्प्यावर खर्च कर.

आधी तुझ्या लॅपटॉपचं ते एकुलतं एक बारीक सॉकेट बघू. हेडफोन आणि माइक दोन्हींसाठी ते एकच आहे. मोबाइलच्या हँडसफ्रीची पिन हातात घेऊन नीट बघ. तिच्यावर तीन काळ्या किंवा पांढऱ्या रेघा असतात आणि त्यामुळे धातूचे चार भाग पडतात. टोकाला डावा कान, त्यामागे उजवा कान, मग ग्राउंड आणि सगळ्यात मागे माइक. हल्लीच्या लॅपटॉपात हाच क्रम असतो. आता तुझा कन्व्हर्टर बघ. त्यावर दोनच रेघा असतील, म्हणजे तीन भाग. तो आत गेला की त्याचा मागचा लांब भाग लॅपटॉपाच्या ग्राउंड आणि माइक या दोन्ही पट्ट्यांना एकदम टेकतो. माइकची वाट तिथेच ग्राउंडला शॉर्ट होते. आणि तुझ्या गिटारचा सिग्नल, जो पिनेच्या टोकावर असतो, तो जातो डाव्या कानाच्या वायरीत. म्हणजे जिथून आवाज बाहेर यायचा, तिथे तू आवाज आत ढकलतो आहेस.

मग जे रेकॉर्ड होतंय ते काय? ते लॅपटॉपच्या स्क्रीनवरच्या बारीक भोकातला, त्याचा स्वतःचा माइक ऐकतो आहे. खोलीतली गिटार, पंखा, मागच्या दारी कोंबडी, सगळं. खात्री करायची असेल तर रेकॉर्डिंग चालू ठेव आणि गिटारला हात न लावता स्क्रीनच्या वरच्या कडेवर नखाने तीनदा टकटक कर. ती टकटक दणदणीत उमटली तर मी म्हणतो तेच. हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे, की ‘लांबून आवाज येतो’ म्हटलं की मी पहिल्यांदा नखच मारायला सांगतो.

बाजारात एकाचे दोन करणारा वायरीचा स्प्लिटर मिळतो, त्यात माइकचं भोक वेगळं असतं. तो लावला तर गिटार खरोखर आत जाईल, पण तरी मी तो उपाय सांगणार नाही. कारण ते भोक बनवलंय हँडसफ्रीच्या चिमुकल्या माइकसाठी. लॅपटॉप त्या वाटेने दोन-अडीच व्होल्ट बाहेर पाठवतो, कारण त्या माइकला तेवढं लागतं. गिटारला ते नको असतं. शिवाय आतला अँप्लिफायर इतका साधा असतो की आवाज वाढवला की खसखस पण तेवढीच वाढते.

गिटारच्या पिकअपची गरज वेगळी आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. असा पिकअप फार नाजूक करंट देतो. समोरच्या सॉकेटने त्याला जोरात ओढलं तर वरचे सूर आधी मरतात आणि गिटार गोणपाटाखाली ठेवल्यासारखी वाजते. म्हणून गिटारसाठीच्या इनपुटचा अडथळा मोठा, साधारण दहा लाख ओहम ठेवतात. माइकच्या इनपुटचा असतो दोन-तीन हजार ओहमच्या आसपास. एवढा फरक आहे दोन दरवाजांत. तुझ्या गिटारच्या कडेला ट्रेबल-बासची बटणं आणि नऊ व्होल्टची बॅटरी असेल, तर आत प्रीअँप, म्हणजे सिग्नल आधीच वाढवून देणारा छोटा अँप्लिफायर आहे आणि ती इतकी नाजूक नाही; लाइन इनपुटमध्येही, म्हणजे आधीच वाढवलेला सिग्नल घेणाऱ्या सॉकेटातही, चालेल. पण बॅटरी उतरली की आवाज फाटतो आणि पातळ होतो, आणि लोक दोष देतात वायरीला. अशा बहुतेक गिटारींत पिन आत घातली की प्रीअँप सुरू होतो. वाजवून झालं की पिन काढून ठेवत जा, नाहीतर रात्रभर बॅटरी जळत राहते.

कंडेन्सर माइकची भूक आणखी वेगळी. त्याला ४८ व्होल्ट लागतात. आपले मंडपवाले ज्याला कॅनन पिन म्हणतात, त्या तीन दांड्यांच्या पिनेतूनच ते जातात. एक नंबरची दांडी ग्राउंड, दोन आणि तीनवर आवाज. हाच आवाज दोन वायरींतून एकमेकांच्या उलट धावतो. वाटेत जो खरखराट दोन्हींवर सारखा चढतो, तो पलीकडे वजाबाकीत निघून जातो. म्हणून दशावताराच्या रंगमंचावर वीस-पंचवीस मीटर माइकची वायर ओढली तरी चालते, आणि गिटारची एकेरी वायर मात्र पाच-सहा मीटरच्या पुढे नेऊ नये. तुझ्या माइकबरोबर जी कॅनन-ते-बारीक-पिन अशी वायर आली आहे, ती बाजूला ठेव. तीच कॅनन-ते-पी-३८, म्हणजे जाड पिनेच्या वायरीचीही गोष्ट, जी मंडपवाल्यांकडे ढिगाने असते. जाड पिनेतून ४८ व्होल्ट जात नाहीत, कंडेन्सर माइक गप्प बसतो आणि माणूस माइक परत पाठवतो. दोन्ही टोकांना कॅनन असलेलीच वायर घे.

म्हणजे आता तुला हवी ती वस्तू कळली असेल. ऑडिओ इंटरफेस. एक लहान डबी, जिच्यात एक दरवाजा कॅननचा, ४८ व्होल्टच्या बटणासकट, आणि दुसरा जाड पिनेचा, गिटारचं चित्र असलेला किंवा ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ लिहिलेला. दोन्ही आवाजांचे आकडे करून ती एका यूएसबी वायरीने लॅपटॉपला देते. फोकसराइटचा स्कारलेट सोलो, बेहरिंगरचा यूएमसी २२ ही अशा डब्यांची नावं. दोन्हींत एक माइक आणि एक गिटार एका वेळी जाते, आणि तुझं काम तेवढंच आहे. पुढे दोन माइक एकदम लावावेसे वाटले तर दोन कॅननवाली, म्हणजे स्कारलेट टू आय टू किंवा यूएमसी २०२ एचडी या जातीची घ्यावी लागेल. मी स्वतः दोन कॅननवालीच घ्यायला सांगतो. गिटारवाल्याला महिन्याभरात एक तबलेवाला मित्र भेटतोच. जुनी, चालू स्थितीतली मिळाली तरी चालेल, पण तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला विंडोजशी बोलायला लावणारा प्रोग्राम, तुझ्या विंडोजवर अजून मिळतो का ते कंपनीच्या संकेतस्थळावर आधी बघ आणि मगच पैसे दे.

दोन आडवाटा आहेत, त्या सांगून ठेवतो. पहिली, यूएसबी माइक एक आणि यूएसबी गिटार वायर एक, असं वेगवेगळं घेणं. स्वस्त वाटतं. पण प्रत्येकाच्या आत स्वतःचं घड्याळ असतं आणि दोन घड्याळं कधी अगदी सारखी धावत नाहीत. चार-पाच मिनिटांच्या गाण्यात गळा आणि गिटार एकमेकांपासून हळूहळू सरकतात. शिवाय विंडोजवर ज्या वेगवान ड्रायव्हरबद्दल पुढे सांगतोय, तो एका वेळी एकच यंत्र धरतो. दुसरी आडवाट, गावातल्या मंडळाचा मिक्सर. त्यावर यूएसबीचं भोक दिसतं म्हणून लोक आनंदाने वायर लावतात. बऱ्याच मिक्सरवर ते भोक फक्त पेनड्राइव्हवरची गाणी वाजवायला असतं. ज्यांच्यात खरंच कॉम्प्युटरसाठीचं यूएसबी आहे, त्यातलेही बरेचसे सगळं एकत्र कालवून डावा-उजवा असे दोनच ट्रॅक देतात. मग नंतर गळा मोठा, गिटार लहान करायला वाव राहत नाही.

जोडायचा क्रम असा ठेव. इंटरफेसचे सगळे गेन, म्हणजे आत येणारा आवाज वाढवणारी बटणं, शून्यावर, हेडफोनचं बटण पण खाली. यूएसबी वायर थेट लॅपटॉपला; हबमधून नको. कंपनीचा ड्रायव्हर टाक. माइक कॅननने जोड, मग ४८ व्होल्ट दाब, आणि चार-पाच सेकंद थांब. गिटारची पिन त्या दुसऱ्या सॉकेटात, आणि बटण असेल तर ‘इन्स्ट’ कर. माइक काढताना उलट, आधी ४८ बंद, मग वायर. डायनॅमिक माइकला, म्हणजे भजनात हातोहात फिरणाऱ्या एसएम ५८ सारख्याला, ४८ व्होल्ट लागत नाहीत. पण वायर धड असेल तर चुकून लागले म्हणून तो बिघडतही नाही. रिबन माइकच्या बाबतीत मात्र जपावं लागतं. तुझ्याकडे तो नाही, त्यामुळे चिंता नको.

आता गेन. इथे मंडपातली सवय सोडावी लागते. आपल्याकडे मीटरचा लाल दिवा लागला की आवाज ‘भरला’ असं समजतात. रेकॉर्डिंगमध्ये शून्य हे छप्पर आहे. त्याच्यावर गेलेला आवाज छाटला जातो आणि तो परत जोडता येत नाही. चोवीस बिटवर रेकॉर्ड कर, म्हणजे खाली भरपूर जागा राहते. गाण्यातला सगळ्यात जोराचा तुकडा खऱ्याखुऱ्या जोरात गा, चाचणीपुरता लाजून नको, आणि तेव्हा मीटरचं टोक उणे बारा ते उणे दहाच्या मध्ये राहील असं ठेव. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं (सॅम्पल) घ्यायची तो आकडा, ४८ हजार किंवा ४४ हजार १००, काहीही. गाणं सुरू केल्यावर मध्येच बदलू मात्र नकोस.

आवाज मागाहून येण्याचा विषय. काही वर्षांपूर्वी एक म्हातारे बुवा माझ्याकडे पहिल्यांदा हेडफोन लावून गायला बसले. एक ओळ गाऊन थांबले आणि हेडफोन काढून मला म्हणाले, “माझो आवाज माका उशिरान कित्याक ऐकाक येता?” त्या दिवशी माझ्या हातून सेटिंग चुकलं होतं. कॉम्प्युटर आवाज थेंब थेंब घेत नाही, कळशी भरून घेतो. कळशी जेवढी मोठी तेवढा उशीर. या कळशीला बफर म्हणतात. ४८ हजारच्या रेटवर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे साडेपाच मिलिसेकंदांच्या आत. जाताना एकदा, येताना एकदा आणि मधली थोडी प्रक्रिया धरून बारा-पंधरा मिलिसेकंद होतात. हवेत आवाज एका मीटरला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो, म्हणजे पखवाजवाला चार-पाच मीटर लांब बसला आहे एवढाच हा फरक. त्यात गाता येतं. पण विंडोजच्या नेहमीच्या वाटेने गेलास तर हाच उशीर सहज शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो, आणि तिथे माणूस ताल सोडतो.

त्याला दोन उपाय. एक, सॉफ्टवेअरमध्ये ड्रायव्हर निवडताना ‘आसिओ’ निवड. श्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ साली काढलेली ही पद्धत आहे आणि ती विंडोजच्या मधल्या खोल्या टाळून थेट इंटरफेसशी बोलते. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा आसिओ असेल तर तोच वापर. नसेल तर आसिओफॉरऑल हा फुकटचा पर्याय आहे. दुसरा उपाय त्याहून सोपा. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की तुझा आवाज कॉम्प्युटरात जाण्याआधीच हेडफोनला मिळतो, उशीर शून्यासारखा. त्या वेळी सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद कर, नाहीतर स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येईल. मी गायकांना नेहमी याच बटणावर गायला लावतो.

आता ते ‘हूंऽऽ’. याच्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या किनाऱ्यावर हा खरा शत्रू आहे.

आपली वीज ५० हर्ट्झची. हमिंग बहुतेक ५० किंवा १०० हर्ट्झच्या सुरात असतं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालव. हमिंग गेलं? मग ते चार्जरमधून येतंय. दोन पिनांच्या चार्जरमध्ये फिल्टरच्या कपॅसिटरमधून किंचित करंट धातूवर गळतो. अनवाणी पायाने शेणाच्या किंवा सिमेंटच्या जमिनीवर उभं राहून लॅपटॉपच्या धातूवर हात फिरवला की जी मुंग्यांसारखी झिणझिण लागते, ती हीच. तीन पिनांच्या चार्जरमध्ये हे गळणं अर्थिंगमधून निघून जायला हवं, पण बोर्डाच्या मागे अर्थिंगची वायर पोचलेलीच नसेल तर जाणार कुठे? आपल्याकडच्या कित्येक जुन्या घरांत वरचं मोठं भोक फक्त नावाला आहे. जिथे वायर आहे तिथेही जांभा दगड चैत्र-वैशाखात कोरडाठाक पडतो आणि अर्थिंगचा खड्डा झोपतो. माझ्या खोलीत दर उन्हाळ्यात हमिंग वाढायचं आणि पावसाळ्यात आपोआप जायचं. दोन वर्षं मी वायरी बदलत राहिलो. शेवटी एका वयस्क वायरमनने खड्डा उघडून नव्याने मीठ-कोळसा भरला आणि उन्हाळाभर रोज एक बादली पाणी घालायला सांगितलं. तेव्हापासून त्रास नाही. तुझ्या घरचं अर्थिंग एकदा जाणकार वायरमनकडून तपासून घे. ते आवाजासाठी जितकं हवं, त्याच्यापेक्षा जीवासाठी हवं. गिटारच्या तारा हातात आणि ओठ माइकच्या जाळीला टेकलेले, अशा वेळी वाईट अर्थिंग खेळ नाही. आणि कुणी सांगितलं की चार्जरची अर्थची पिन तोड, हमिंग जातं, तर ते ऐकू नकोस. हमिंग कदाचित जाईलही, पण संरक्षण पण जाईल.

इन्व्हर्टरबद्दल एक. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करणाऱ्यांच्या आवाजात एक टोचरी बझ येते. साधे इन्व्हर्टर गोल लहर न देता चौकोनी लहर देतात, आणि त्या कोपऱ्यांतून वरचे सगळे उपसूर गिटारीत शिरतात. साइनवेव्ह इन्व्हर्टरला हा त्रास फार कमी. तुझ्याकडे दोन्हींपैकी काही नसेल तरी हरकत नाही. इंटरफेस यूएसबीवरच चालतो, त्यामुळे लॅपटॉप पूर्ण चार्ज करून, चार्जर भिंतीतून काढून, ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद करून रेकॉर्ड कर. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये बॅटरी वाचवण्याचा मोड मात्र बंद कर, नाहीतर आवाजात टिकटिक येते. इतकं करूनही हमिंग राहिलंच आणि तारांना हात लावल्यावर कमी होत असेल, तर ते हवेतून पिकअपमध्ये शिरतंय. स्टुलावर बसून गिटारसकट हळूहळू गोल फिर. एका दिशेला ते जवळजवळ मरतं. तिथेच बसून वाजव. आणि पावसाच्या तोंडावर, तसंच परतीच्या पावसात, गडगडायला लागलं की सगळं भिंतीतून उपटून ठेव. वीज सांगून पडत नाही.

खाऱ्या हवेचं सांगतो. तुझं घर किनाऱ्यापासून जवळ असेल तर सॉकेटच्या आतल्या पट्ट्यांवर काही महिन्यांत मळकट, कधी हिरवट थर चढतो. पिन फिरवली की ‘खर्र’ होणं, एकच कान चालणं, आवाज येणं-जाणं, हे त्याचंच. पिनेवर खोबरेल किंवा मशीनचं तेल लावू नकोस. धूळ चिकटते आणि थर आणखी जाड होतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिळतं. पिनेवर मारायचं, पाच-सहा वेळा आत-बाहेर करायचं, पुसायचं. गिटारच्या तारा वाजवून झाल्या की सुक्या सुती फडक्याने पुसायच्या, नाहीतर मीठ आणि घाम मिळून तारा महिन्यात काळ्या पडतात.

कंडेन्सर माइकला पावसाळा त्याहून सोसत नाही. त्याच्या आत सोन्याचा मुलामा दिलेला एक अतिपातळ पडदा असतो आणि त्याच्या मागे केसाइतक्या अंतरावर दुसरी पट्टी. दोघांमध्ये विजेचा भार असतो. दमट हवा तिथे शिरली की भार गळतो आणि आवाजात पोहे भाजल्यासारखी तडतड होते. श्रावणात माझ्याकडे आलेल्या एका चांगल्या माइकने असा आवाज करायला सुरुवात केली, आणि मालकाला तो संपला असं वाटलं. आम्ही तो हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर दोन दिवस ठेवला. तिसऱ्या दिवशी माइक पहिल्यासारखा स्वच्छ. तेव्हा जून ते ऑक्टोबर माइक स्टँडवर उघडा ठेवायचा नाही. झाकण घट्ट बसणारा डबा, आत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलला की पुड्या वाळवून किंवा बदलून घ्यायच्या. कापडी पिशवीत ठेवण्यात अर्थ नाही. गिटारसाठीही बंद केस आणि तीच पुडी.

खोली कुठली निवडशील? समुद्राच्या बाजूची पडवी नको. गाज आपल्याला ऐकू येईनाशी होते इतकी सवयीची असते, पण माइकला सवय नसते. माजघर चांगलं, त्याला बाहेरची भिंत कमी असते आणि कपडे, गाद्या, गोण्या आधीच असतात. जांभ्याच्या उघड्या भिंती थोडा आवाज शोषतात, पण गिलावा आणि ऑइलपेंट केलेली खोली घंटेसारखी घुमते. तुझ्या पाठीमागे, म्हणजे ज्या बाजूला माइकचं तोंड आहे, तिथे दोन जाड गोधड्या दोरीवर टांग. गायकाच्या मागे गोधडी हवी, समोर नव्हे; बहुतेक जण नेमकं उलट करतात. पत्र्याचं छप्पर असेल तर पाऊस पडत असताना रेकॉर्डिंगचा नादच सोड. आणि रात्री रेकॉर्ड करण्याआधी रातकिड्यांचा अंदाज घे. त्यांचा सूर चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास असतो, गळ्यातली अक्षरं स्पष्ट करणारा पट्टा तोच. तो कापायला गेलं तर शब्दांची धार जाते. गाजेचा खालचा भाग ८० हर्ट्झच्या खाली कापून थोडा कमी होतो. रातकिड्यांना उपाय नाही. पहाटे चार ते सहा ही माझी आवडती वेळ आहे, होड्यांची इंजिनं सुरू होण्याआधी.

माइक तोंडापासून वीतभर, थोडा वर किंवा बाजूला, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे ‘प’, ‘भ’ची फुंकर अडवणारी जाळी. जाळी नसेल तर भरतकामाच्या रिंगमध्ये जुना पातळ मोजा ताणून बसव, तो चालतो. अगदी तोंडाला लावून गायलास तर खर्जाचा फुगा येतो. गिटार माइकनेच घ्यायची असेल तर गोल भोकासमोर कधीच धरू नकोस, तिथे नुसतं घुंघुं येतं. बाराव्या फ्रेटच्या समोर वीत-सव्वा वीत. तुला मी सांगेन की आधी गिटार एकटी रेकॉर्ड कर, एकदा पिकअपने आणि त्याच वेळी माइकने. पिकअपचा आवाज टणक, प्लास्टिकसारखा लागतो आणि माइकचा मोकळा. दोन्ही मिसळले की गिटार जिवंत होते. मिसळताना एका ट्रॅकची फेज (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून ऐक, ज्या बाजूला खर्ज भरलेला वाटेल ती ठेव. मग ते ऐकत गळा वेगळा गा.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवू नकोस. ऑडॅसिटी फुकट आहे, शिकायला सोपं, पण तुला मिळालेल्या ऑडॅसिटीत आसिओ नसेल, तर त्यात डायरेक्ट मॉनिटरवरच गायचं. रीपर साठ दिवस पूर्णपणे वापरून बघता येतं, जुन्या लॅपटॉपवरही हलकं चालतं, आणि नंतर विकत घेतलं तरी महाग नाही. मी रीपरवर आहे.

सगळं जोडून झालं की मला तीस सेकंदांचं एक रेकॉर्डिंग पाठव. पहिले दहा सेकंद काहीच करू नकोस, श्वासही दमाने घे. मग दहा सेकंद गिटारचा एकच कॉर्ड, मंद. मग दहा सेकंद गाण्यातली सगळ्यात वरची ओळ. एमपी३ करू नकोस, वेव फाइलच पाठव. त्या पहिल्या दहा सेकंदांत अर्थिंग, गाज, पंखा, माइकचा ओलावा, सगळं सापडतं. तिथून पुढे काय करायचं ते मी तुला नेमकं सांगेन.